काचेला बांधलेली पानं

सुपडू नाना कुणाच्या बापाला घाबरत नाही, असं चोपड्याच्या वरच्या अंगाला सगळे म्हणत. साफ खोटं. चौऱ्याण्णव सालच्या भाद्रपदात, दिवसाढवळ्या साडेचार वाजता, तो जीव घेऊन नदीकाठाने पळत सुटला होता.

जन्मभर केळीच्या बागेत राबलेल्या नानाला पंचावन्नाव्या वर्षी सरकारी काम लागलं, तेही बसून. सातपुड्यातून उतरणाऱ्या नदीवर, गावापासून कोसभर वर, एक खांब उभा केला होता. पाण्यात तरंगता डबा, वर वायरलेसची पेटी आणि पेटीच्या डोक्यावर पाटाएवढी निळी काच. पाणी चढलं की पेटीने कळवायचं आणि गावात ग्रामपंचायतीवर भोंगा वाजायचा. तिथे वीज कुठली? काच ऊन घ्यायची, त्यावर बॅटरी भरायची. नानाने नुसती राखण करायची. साहेब सांगून गेले होते, काच जपा, फुटली तर दुसरी यायला वर्ष जाईल; नीट जपलीत तर तुम्हाला कायम करू.

जपा म्हटल्यावर नाना जपणारच! केळीचा घड उन्हाने चटकू नये म्हणून वाळक्या पानांनी झाकतात, हे त्याच्या हाडात मुरलेलं. भादव्याच्या उन्हात काचेला हात लावला तर चटका बसला. काच ऊन खाते हे त्याला ठाऊक होतं, पण दिवसभर का कुणी जेवतं? सकाळची न्याहारी पुरे, असं ठरवून तो रोज नऊ वाजताच काचेला पानं बांधायला लागला. पंधरा दिवस हे शहाणपण चाललं.

त्या दिवशी गावावर लख्ख ऊन आणि डोंगरावर काळाकुट्ट अंधार. बघता बघता पाणी तांबडं झालं, डबा वर चढू लागला. पेटीवरचा दिवा लुकलुकायला हवा होता, तो मेलेला. नानाने पानं ओरबाडली, पण तोवर ढग इथवर आले होते. आणि मग त्याला मंदाबाई आठवली, त्याची बायको. ती आणि अकरा बाया नदीपलीकडच्या बागेत केळीची पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, कापायला गेलेल्या. पाच वाजता त्या गुडघाभर पाण्यातून परत येत. पूर्वी एक म्हातारी पुढे होऊन पाण्याचा रंग बघायची, मग बाकीच्या उतरायच्या. भोंगा आल्यापासून कुणी बघेनासंच झालं. भोंगा वाजला नाही म्हणजे नदी गरीब.

इतकं कळूनही नानाने आधी काय केलं? पानं गोळा करून झुडपात दडवली. साहेबांना दिसायला नकोत! मग पळाला. मागून पाण्याचा आवाज. पेटी आपोआप बिघडली असं सांगायचं, हे त्याने पळता पळताच पक्कं केलं.

बाया जिथून ये-जा करत तिथे पोचला तर बाया पाण्यात उतरलेल्या. सगळ्यांत पुढे मंदाबाई, डोक्यावर चाऱ्याचा भारा. नाना ओरडला, पूर येतोय, पेटी बिघडली. बाया हसल्या. नानाची थट्टेची खोड गावाला ठाऊक होती, आणि सरकारी पेटी साहेब महिन्यापूर्वीच तपासून गेलेले. त्यांतली कुंदाबाई म्हणाली, भोंगा काही वाजला नाही, नाना. आणि पुढे पाऊल टाकलं.

खरं सांगितलं तर कायम होणं गेलं, अब्रू गेली, पण मंदा पाण्यात होती.

"भोंगा वाजणार नही! ती काच मीच झाकेल व्हती. बठ्ठ्या जणी मांगे फिरा!"

मंदाबाईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतकं पांढरं तोंड तिने तीस वर्षांत बघितलं नव्हतं. तिने भारा टाकला आणि मागे वळून बायांना ढकलतच पलीकडच्या काठाकडे नेलं. शेवटची बाई वर चढली न चढली तोच पाणी आलं, आख्खी बाभळ घेऊन. नाना अलीकडे चिखलात बसला आणि पलीकडच्या बाया पुन्हा पुन्हा मोजत राहिला. बारा भरल्या तरी मोजणं थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरल्यावर मंदाबाई घरी आली. लुगडं वाळत घातलं, चूल पेटवली. नानाकडे न बघता तिने विचारलं, "मन्हा जागवर दुसरी ऱ्हाती, तरी काच मीच झाकेल व्हती आसं तुम्ही सांगतात का?"

नानाला लगेच हो म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं. पण साहेबांना दिसू नयेत म्हणून झुडपात दडवलेली पानं अजून तिथेच होती, आणि ती तो कालच काढून आणू शकला असता.

"माहीत नही," तो म्हणाला.