करंगळीला बसलेली ग्रिप

तुमच्या घरातल्या भिंतीवर पालखीचा जो फोटो लावलेला आहे, तो कुणी काढला हे तुम्हाला सांगता येईल का? कॅमेरा कुठल्या कंपनीचा होता ते विचारत नाही. ते बहुतेकांना सांगता येतं.

आमच्या गावात हे फोटो माझी आत्या काढते. गाव देवरूखजवळ, डोंगराच्या उतारावर. आत्या राहते रत्नागिरीत आणि वर्षभर लग्नं, साखरपुडे, मुंजी करते. शिमग्याला मात्र ती दुसरं कुठलंही काम घेत नाही. पालखी घरोघर फिरते आणि आत्या पालखीच्या एक घर पुढे चालते.

प्रत्येक अंगणात पालखी पाटावर बसते आणि गाऱ्हाणं सुरू होतं. या घरातले कोण मुंबईला आहेत, त्यांना सुखरूप ठेव, कुणाला नोकरी लागू दे, कुणाच्या मुलीचं जमू दे. गाऱ्हाणं चालू असेपर्यंत घरचे सगळे हात जोडून एका जागी उभे राहतात. आत्याला मिळतो तो एवढाच वेळ. पुढे नारळ, ओटी, ढोल, आणि पालखी एकदा खांद्यावर नाचायला लागली की कुणी कुणाचं ऐकत नाही. आमची घरं चढावर, म्हणून पालखी खाली अंगणात आणि माणसं वर पायऱ्यांवर. हे सगळं एका फोटोत घ्यायचं तर कॅमेरा उभाच धरावा लागतो.

"अंगणापासून कौलापर्यंत आलं तर घर आलं," आत्या म्हणते. "नायतर नुसती माणसं."

पण कॅमेरा उभा धरला की उजवं कोपर वर जातं आणि मनगट वाकडं होतं. इतकी वर्षं ते तसं वाकवून आत्याचं मनगट बिघडलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलू नका म्हणाले. यंदा शिमग्याच्या आधी एकदा ती डाव्या हातानं कोळंबी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "या वेळी नाय जमलं तर गावाला सांगून टाकते. ड्रोनवाला बोलवा."

ड्रोनवाला वरून कौलं काढेल. कौलांखालची माणसं कोण काढणार?

यावर एक उपाय होता, बॅटरी ग्रिप. कॅमेऱ्याच्या खाली स्क्रूनं बसवायचा एक खोका. त्यात दोन बॅटऱ्या मावतात आणि त्यालाही एक शटरचं बटण असतं. कॅमेरा उभा केला की ते बटण बरोबर बोटाखाली येतं, मनगट सरळ राहतं. असे खोके दोन तऱ्हेचे मिळतात. एक कॅमेऱ्याच्या कंपनीचा, आणि दुसरा दुसऱ्याच कुणी बनवलेला, बराच स्वस्त.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझे बाबा पत्रकं काढायचे. ग्राहकांचे हक्क, पाण्याचा प्रश्न, अंगात येणं, बुवाबाजी, सगळ्यावर. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि कंटाळा आला की पान उलटून छापील बाजू वाचली. त्यामुळे खोक्याला खोक्याची किंमत असावी, नावाची नसावी, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

आम्ही रत्नागिरीतल्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन्ही ग्रिप काढून काचेवर ठेवल्या आणि कंपनीची आत्याकडे सरकवली. "ओरिजिनल घ्या, ताई. डुप्लिकेट बंद पडली तर माझ्याकडे येऊ नका."

"डुप्लिकेट कशी?" मी म्हणाले. "दुसऱ्याचं नाव चोरलं तर डुप्लिकेट. यांनी स्वतःचं नाव छापलंय. एक प्लास्टिकचा खोका, दोन बॅटऱ्या, एक बटण. बाकीचे पैसे कसले, नावाचेच ना? आणि आपण ते देतो म्हणून..."

"तुझं भाषण संपलं की सांग गो," आत्या म्हणाली. "तोवर मी दोन्ही धरून बघते."

तिनं आधी कंपनीची ग्रिप लावली, कॅमेरा उभा केला आणि डोळे मिटले. मग दुसरी लावून तसंच केलं. कंपनीची ग्रिप भरीव होती, कडेनं रबर होतं, हात लावल्यावरच दणकट वाटत होती. पण आत्याची मूठ लहान. त्या ग्रिपवर तिची करंगळी अधांतरी राहत होती. दुसरी ग्रिप जराशी बारीक होती, तिच्यावर करंगळी नीट बसली.

"ही द्या," ती म्हणाली.

दुकानाबाहेर पडताना माझा चेहरा मोर्चा जिंकल्यासारखा झाला असावा. आत्यानं पाहिलं. "तुझ्यामुळे नाय घेतली. करंगळीमुळे घेतली."

घरी अंगणातल्या फणसाचे फोटो काढून आम्ही ती चालवून पाहिली. बटण उत्तम चालत होतं. बाबांनी ग्रिप हातात घेतली, उलटीपालटी केली, "चांगली आहे" म्हणाले आणि शोकेसवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गावाला निघालो.

पहिल्या घरी पालखी बसली. गाऱ्हाणं सुरू झालं. आत्यानं कॅमेरा उभा धरला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बटण आत गेलं ते वरच येईना. आत्यानं कोपर वर केलं, मनगट वाकवलं आणि जुन्या बटणानं फोटो काढला. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी कॅमेरा खाली घेताना तिनं ओठ दाबून धरलेले मला दिसले. पायरीवरचे एक आजोबा म्हणाले, "कंपनीची वस्तू घ्यावी गो बाय. आमचा पोरगा सांगतो ना, स्वस्ताच्या मागं लागू नये." मला सगळी पत्रकं पाठ होती, पण मनगट तिचं होतं आणि तत्त्व माझं.

दुपारी पालखी विसाव्याला थांबली. आत्यानं मनगटाचा पट्टा सैल केला, ग्रिप काढून माझ्याकडे दिली. "बघ तुझ्या मैत्रिणीला काय झालंय."

मी बटणावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. बटणाच्या कडेच्या फटीत काहीतरी घट्ट वाळून बसलं होतं. नखानं खरवडलं. कुंकू होतं. पाण्यात कालवून, बोटानं नीट बटणाच्या मधोमध लावलेलं.

"मी नाय लावलं," आत्या म्हणाली. "मी दसऱ्यालासुद्धा लेन्सपासून लांब लावते."

आम्ही दोघींनी बाबांकडे पाहिलं. ते काजूच्या मोहोराकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"दादा?"

"सकाळी देवापुढं ठेवली होती जरा," बाबा म्हणाले. "नवी वस्तू. तुझा हात एवढा दुखतो."

"अंगारे-धुपारे, नवस-सायास," मी म्हणाले. "पत्रक होतं तुमचं. हिरव्या कागदावर."

"ते लोकांसाठी होतं," बाबा म्हणाले.

आत्या इतकी हसली की तिला दुखरा हात दुसऱ्या हातानं धरावा लागला. "आणि बटणावरच का रे? दुसरी जागा नव्हती?"

"मला ते कपाळासारखं वाटलं."

लेन्सच्या ब्रशनं आणि सुईनं मी फट साफ केली. बाबा कापसाला सॅनिटायझर लावून देत होते, नजर न मिळवता. बटण टक्कन वर आलं. खरं तेच लिहायचं तर कंपनीच्या ग्रिपला रबर होतं, तिच्यात कदाचित कुंकू शिरलं नसतं. शिवाय आमच्या ग्रिपचा स्क्रू चालता चालता ढिला होतो. आत्या तो येता-जाता अंगठ्यानं आवळते, कुकरच्या दांड्याच्या स्क्रूसारखा, तिच्या लक्षातही येत नाही. हे मी लपवणार नाही. पण दुपारनंतरच्या प्रत्येक घरी तिचं मनगट सरळ होतं, करंगळी जागेवर होती आणि फोटो अंगणापासून कौलापर्यंत होते. शेवटच्या घरी गाऱ्हाणं संपता संपता ती मला म्हणाली, "पुढच्या वर्षी पण हीच चालेल." ड्रोनवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्या दिवशी जवळजवळ प्रत्येक अंगणात कुणीतरी विचारलं, "कुठल्या कंपनीचा कॅमेरा?" हात कसा आहे हे कुणी विचारलं नाही. तिचं नाव मी इथे लिहिणार होते. ती म्हणाली, "छापू नको. कुणाला लिहायचं तर फोटोच्या मागं लिहू दे."

तेव्हा एवढं करा. आज तुमच्या भिंतीवरचा तो फोटो खाली उतरवा, तो कुणी काढला हे घरात विचारा, आणि त्या माणसाचं नाव पाठीमागे पेनानं लिहून फोटो परत लावा.