साडभाऊंची गुणांची वही

आमच्या साडभाऊंइतका खरं बोलून माणसं दुखावणारा सज्जन उभ्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये ते कापसाची प्रत ठरवतात. पुंजका चिमटीत धरून ओढायचा, धाग्याची लांबी डोळ्यांनीच मोजायची आणि शेतकरी सोयरा असला तरी जी असेल तीच प्रत सांगायची. हाच हट्ट त्यांनी आम्ही खेळतो त्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आणला. वहीत प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला हजार गुण. हरणाऱ्याचे काही गुण कापून जिंकणाऱ्याला. बलाढ्याला हरवलं तर पुष्कळ, लिंबूटिंबूला हरवलं तर चिमूटभर. दोघांच्या गुणांतला फरक बघून सामना कोण जिंकणार, हे ते आधीच सांगून मोकळे होत, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरे. मी ओळीने अकरा सामने हरलो तेव्हा अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, वाईट नका वाटू देऊ, पण आता तुमाले हरवून कोनाले काईच भेटत नाई." माझी बायको दोन दिवस आपल्या बहिणीच्या या नवऱ्याशी बोलली नाही.

त्यांची आठवीतली मुलगी जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली, तेव्हा मीही वर्ध्याला गेलो होतो. समोर आष्टीची मुलगी, स्पर्धांच्या निकालांवरून साडभाऊंनी मांडलेल्या गुणांत बरीच वरची. बुटाची नाडी बांधता बांधता पोरीने विचारलं, "बाबा, मी जिकीन नं?"

मी साडभाऊंचा हात दाबला. दुसऱ्या कुठल्याही बापाने हो म्हटलं असतं. त्यांच्या तोंडून आलं ते खरंच. "तुमच्या दोघीईच्या दहा मॅच झाल्या तर तीन तू जिकशीन, बाई. सात तिच्या."

पोरगी जीव तोडून खेळली आणि हरली. भाकीत खरं ठरलं, पण साडभाऊंनी वही उघडलीच नाही. परतीच्या एसटीत पोरगी डोळे मिटून बसली होती. मला राहवेना. "एक दिवस खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?"

"माह्यावर भरोसा होता म्हनून इचारलं नं तिनं, भाऊ," एवढं बोलून ते रुमालाने डोळे पुसू लागले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हिंगणघाट जवळ आलं तशी पोरीने मान वर केली. "बाबा, आजची तर तिच्या सातातली गेली. माह्या तीन अजून बाकी हायेत नं?"

हरल्यामुळे तिचे गुण उतरले होते. दहात तीनचा हिशेबही आता जुळत नव्हता, तिच्या वाट्याला त्याहून कमीच निघत होत्या, आणि हे साडभाऊंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"हायेत, बाई," ते म्हणाले. "तिन्ही बाकी हायेत."

पुढच्याच वर्षी आष्टीची ती मुलगी दूर कुठेतरी शिकायला गेली. दोघींची गाठ पुन्हा पडली नाही. आमची पोरगी अजून आपल्या तिनांची वाट बघते, आणि साडभाऊ तिला बघू देतात.