आमच्या गावाचं नाव दुसऱ्या तुकड्यात होतं

नदीनं माझ्या बायकोले हळूच नेलं नाही. आपटत नेलं. खालच्या डोहात सापडली तवा तिचा एक हात पाठीमागं वळला होता, कपाळाची कातडी सोलून निघाली होती, तोंडात रेती कोंबली होती. ती रेती मी माझ्या बोटानं काढली. लोक म्हणत होते, देवाची मर्जी. मी म्हटलं, त्या देवाले माझ्यासमोर उभा करा.

आमच्याकडं पयले धरणाचं पाणी सोडताना कोतवाल दवंडी देत होता. आता ग्रामपंचायतीच्या खांबावर एक डबा अन् भोंगा बसवला आहे. आमच्या अन् पलीकडच्या नदीच्या धरणांचं हापिस एकच; तिथं कोणी मॅसेज लिहिला का तो नेटवरून डब्यात येते, अन् डबा बाईच्या आवाजात गावांची नावं घेते. आपलं नाव आलं का नदीतून वर यायचं. नाव नाही आलं तर नदी आपली.

त्या दिवशी कडक ऊन होतं. बायको कमरेइतक्या पाण्यात झिंगे धरत होती, मी काठावर बसून जाळं सांधत होतो. भोंगा बोलला. पलीकडच्या नदीवरची सारी गावं त्यानं घेतली अन् गप झाला. आमचं नाव नाही.

"पाहा, दुनियेले सांगते," बायको हासली, "आपल्याले विचारत बी नाही." अन् पुन्हा पाण्यात वाकली.

मग वरून आवाज आला, ट्रकातून गोटे ओतावे तसा. तिनं मान वर केली. मी दोर फेकला. तो तिच्यापर्यंत गेलाच नाही.

तेरवीले नागपूरहून माझा भासा आला, माझ्या बहिणीचा पोरगा. आमच्यात भासा म्हणजे देवाच्या जागी. मामा त्याच्या पाया पडते, तेरवीचं पयलं ताट त्याले वाढते. त्याच्यावर हात उचलणाऱ्याले नरकातही जागा नाही म्हणतात. हा भासा एका कंपनीत कंप्युटरचं काम करते. खांबावरच्या डब्याचा प्रोग्राम त्याचाच. आम्ही गावभर मिरवत होतो.

मी पाया पडायले वाकलो तर त्यानं पाय मागं घेतले.

"मामाजी, नोका पडू. मामी माझ्या चुकीनं गेली."

तो उभ्यानंच सांगू लागला. "मॅसेज नेटवरून एकदम येत नाही. धार लागल्यासारखा येते, मधात तुकडे होतात. केवढा मॅसेज आहे हे आधी पाठवावं लागते, मंग डबा तेवढा पुरा येईपर्यंत वाट पायते. मी ते टाकलंच नाही. रोजचे मॅसेज लहान, एकाच तुकड्यात येत होते, म्हणून चाललं. त्या दिवशी दोन्ही नद्यांच्या धरणांचे दरवाजे उघडले. मॅसेज लांब झाला. पयला तुकडा आला अन् डब्याले वाटलं, झालं."

"अन् दुसरा तुकडा?" मी विचारलं.

"आला होता, मामाजी. डब्यानं कचरा समजून फेकला."

"म्हणजे आमचं गाव कचऱ्यात."

माझा साळा, बायकोचा लहान भाऊ, चुलीजवळून ओरडला, "पगार बी तुकड्यातुकड्यात घेते का रे तू? का तो पुरा मोजून घेते?"

मोठं जाळं ओढताना आमचा पलीकडच्या काठावरचा गडी आधी ओरडून सांगते, दोर किती वाव आहे; एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांएवढं. तेवढे वाव हातात येईपर्यंत ऐलीकडच्यानं ओढणं थांबवायचं नाही, मधात दोर ढिला पडला तरी. या पोरानं लहानपणी माझ्या जाळ्यावर ती आरोळी दिली होती. ते आठवलं अन् माझं डोकं फाटलं. भिंतीले टेकवलेला डोंगा ढकलायचा बांबू घेतला अन् हाणला.

पयला वार खांद्यावर बसला. तुरीची वाळकी तुऱ्हाटी मोडावी तसं हाड वाजलं. दुसरा तोंडावर. त्यानं हात आडवा केला नाही, त्यामुळं मी आणखीच पेटलो. तो पडला तरी मी मारतच होतो. बहीण पोराच्या अंगावर येऊन पडली, तिच्याही पाठीवर एक बसला. तेवढ्यात साळ्यानं चुलीतून जळतं लाकूड ओढलं अन् त्याच्या डोक्यावर उगारलं.

त्या घडीले मले दया आली असं कोणी समजू नये. माझ्या मनात एकच आलं. हा मेला तर डब्याच्या पोटात काय चुकलं ते कोणाले माहीत? उद्या पुन्हा पाणी सुटन. बाया नदीतच आहेत.

मी साळ्याचं नरडं धरलं. "सोड. आधी डबा सुधारू दे त्याले."

"अन् मंग?"

"मंग पाहू."

बहिणीनं गाडीतून त्याचा लॅपटॉप आणला. तो भिंतीले टेकून बसला, उजवा हात लोंबत, नाकातलं रक्त बटनांवर गळत. डाव्या हातानं डब्याचा प्रोग्राम सुधारू लागला. आम्ही काठ्या घेऊन भवताल उभे. दुपार कलली. मग त्यानं प्रोग्राम नेटवरून डब्यात घातला अन् तपासायले दोन्ही नद्यांच्या गावांचा मॅसेज सोडला. भोंगा बोलू लागला. पलीकडची सारी गावं झाली. भोंगा थांबला नाही. आमच्या नदीची गावं घेतली, अन् सर्वात शेवटी आमचं.

साळ्यानं लाकूड चुलीत टाकलं अन् तो तिथंच बसून रडला. बहीण पोराले दवाखान्यात घेऊन गेली. तेरवीचं पयलं ताट तसंच राहिलं, शेवटी कुत्र्यानं ओढलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा पाणी सोडलं. आमचं नाव आलं. शेजारची सून अर्धे धुतलेले कपडे छातीशी धरून, धापा टाकत काठ चढली. मले पाहून म्हणाली, "वाचलो बा आज, बाबाजी!" अन् हासली. तिच्या त्या हासण्यावर एक झापड मारावी, असं माझ्या हाताले झालं. मी हात काखेत दाबला अन् पाणी येईपर्यंत तिथंच उभा राहिलो.