खिडकीबाहेरची शेवंती

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी दोन वर्षं नुसतेच वाचतेय आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतेय. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमचं घर बौद्ध. धर्मांतराच्या वेळी आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक उचलले, तेरणा नदीत सोडले आणि घरी येऊन पोटभर जेवले, असं दादा सांगायचे. दादा म्हणजे माझे वडील. त्यात मी तीस वर्षं उमरग्यात एका दवाखान्यात सिस्टर म्हणून काढली. डोळ्यांदेखत माणसं गेली, पण एकही परत येऊन माझ्या उशाशी बसलं नाही. तेव्हा "ताई, भास झाला असेल" हे मला कुणी समजावू नका. भास एकट्याला होतो. हा पन्नास-साठ जणांना एकदम झाला... आणि मी हे घाबरून लिहीत नाहीये. चिडून लिहितेय. चाळीस वर्षं झाली तरी राग जात नाही.

आमचं गाव तेरपासून सहा किलोमीटरवर, नदीच्या अलीकडं. नाव सांगत नाही. तेव्हाच्या सोसायटीच्या चेअरमनची नातवंडं फेसबुकवर असतात, उगाच घरी भांडायला यायची.

दादांचा टांगा होता. गाव ते तेरचा बसस्टँड, दिवसाला चार फेऱ्या. घोडी शेवंती... तांबडी, कपाळावर अर्ध्या भाकरीएवढा पांढरा ठिपका, डाव्या कानाचं टोक तारेत अडकून तुटलेलं. लई गुणाची. टांग्यात म्हातारं माणूस बसलं की आपोआप हळू चालायची. गावात सोसायटीनं टीव्ही घेतला तेव्हा तो खोका तेरहून कुणी आणला? शेवंतीनं. चेअरमन स्वतः पुढं बसले होते, खोका मांडीवर धरून. दादांना बजावत होते, "किसना, हळू रं, काच हाय." सहा किलोमीटर शेवंतीनं एक धक्का बसू दिला नाही. त्या दिवशी चेअरमननी तिला स्वतःच्या हातानं गूळ चारला होता.

टीव्ही सोसायटीच्या नव्या ऑफिसात बसवला. काचेच्या खिडक्या असलेली गावातली ती एकच इमारत. रविवारी सकाळी लहान मुलांची एक सिरियल लागायची. परदेशातली, हिंदीत बोलणारी. एक पोरगी आणि तिचा चुलता, दोघं मिळून लोकांनी टाकून दिलेली घोडी सांभाळायचे. लंगडी, म्हातारी, मार खाल्लेली. दर रविवारी एखादं नवं घोडं त्यांच्या फाटकाशी यायचं आणि ती पोरगी फाटक उघडायची. नाव मुलांचं, पण बघायला अख्खा गाव. चेअरमन पहिल्या खुर्चीत.

आमच्या वस्तीतली माणसं बाहेर ओट्यावरून बघायची. मी मात्र आत, टीव्हीच्या शेजारी. का? तर मी नववीत होते आणि शाळेत हिंदीत पहिली होते. बाया-म्हाताऱ्यांना हिंदी कळायचं नाही, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत मोठ्यानं सांगायची. "ती म्हणतेय, याला कुठं पाठवू नका. चुलता म्हणतोय, बरं बाई, राहू दे." चेअरमन म्हणायचे, "सुमे, मोठ्यानं सांग." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे. खोटं नाही सांगत, खरंच रडायचे. मला तेव्हा वाटायचं, काय मायाळू माणूस आहे! डोंबल मायाळू.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. सगळी माणसं रोजगार हमीच्या खडीवर, तेरला जाणार कोण? टांगा बंद. दादा आणि आईही खडी फोडायला. जे होतं ते विकून शेवंतीला दोन महिने जगवलं, मग तेही संपलं. घोडी विकावी तर घेणारा नाही. सोसायटीच्या ऑफिसमागं गुरांची छावणी लागली होती. शेवंतीला कडब्याचा वास यायचा. एके दिवशी दावं तोडून ती स्वतःच तिकडं गेली आणि काटेरी कुंपणाला नाक लावून उभी राहिली.

दादा चेअरमनकडं गेले. मी सोबत होते.

"मालक, तिला बी आत घ्या. दिवसाला एक पेंढी. जास्त न्हाय मागत."

"किसना, छावणी गुरांची हाय. बैल, गाय, म्हैस, वासरू. घोडं गुरात मोडतं व्हय?"

"मालक, तुमचा टीव्ही तिनंच आणला..."

"मग काय तिला खुर्ची देऊ बसायला?"

बसलेली माणसं खदाखदा हसली. चेअरमन समजावल्यागत म्हणाले, "वरून साहेब आला तपासाया आन् त्यानं घोडी बघितली, तर माझी समदी छावणी बंद पडंल. एका घोडीपायी गावाची गुरं मारू का?" आता गंमत ऐका. चेअरमनच्या जावयाचे दोन बैल त्याच छावणीत होते, आणि जावई आमच्या गावचा नव्हताच! साहेब येऊन गेला, चहा पिऊन गेला, त्याला ते बैल दिसले नाहीत. घोडी तेवढी दिसणार होती म्हणे.

तीन दिवस शेवंती त्या कुंपणाशी उभी होती. आम्ही ओढून घरी आणायचो, ती परत जायची. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात. कुणी दोन काड्या टाकल्या नाहीत. दादांनी एकदा कुंपणातून हात घालून मूठभर चिपाडं ओढली, तर राखणदारानं चोर म्हणून आरडाओरडा केला.

तिसरा दिवस रविवार होता.

सिरियल सुरू झाली. पडद्यावर एक आंधळं घोडं आलं होतं, पोरगी त्याच्याशी बोलत होती आणि मी सांगत होते. तेवढ्यात खिडकीबाहेर शेवंती खिंकाळली. ऑफिसची मागची खिडकी छावणीकडं उघडायची. ती कुंपण सोडून खिडकीशी आली होती. माझा आवाज ऐकून आली होती, दुसरं काय! कुणीतरी म्हणालं, "टीव्हीतल्या घोड्याला वळख देती जणू." परत हशा. ती पुन्हा खिंकाळली. चेअरमन वैतागले, "काय ऐकू येईना राव! खिडकी लावा ती."

खिडकीजवळ मीच होते. मी उठले. शेवंतीनं मान पुढं केली. आणि मी खिडकी लावली... काचेतून दिसत होतं, तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज येत नव्हता. मी परत जागेवर बसले आणि पुढचं वाक्य सांगितलं.

दुपारी दादा म्हणाले, "हितं उपाशी उभी ऱ्हाण्यापरीस नदीकडं सोडतो. डबक्याकडंला कायतरी हिरवं आसंल." मी माझी शाळेची पांढरी रिबीन तिच्या आयाळीला बांधली. दादा तिला घेऊन गेले, एकटे परत आले आणि तोंड भिंतीकडं करून झोपले.

पुढचा रविवार. मला जायचं नव्हतं, पण चेअरमननी माणूस पाठवला, "सुमीबिगर कळत न्हाय." गेले. सिरियल सुरू झाली, पाच-दहा मिनिटं नीट चालली आणि एकदम आवाज गेला. चित्र मात्र स्वच्छ. एरवी मुंग्या यायच्या, त्या दिवशी मुंग्यासुद्धा नव्हत्या. ते परदेशातलं लाकडी फाटक दिसत होतं आणि फाटकाबाहेर एक घोडी उभी होती. कपाळावर अर्धी भाकर. डावा कान तुटका. आयाळीला पांढरी रिबीन.

ती सरळ आमच्याकडं बघत होती. तोंड उघडत होती, मिटत होती. फाटक उघडायला कुणीच येत नव्हतं.

मग ओट्यावरून आईचा आवाज आला, "अगं बया... शेवंती!" आणि सगळेच बोलायला लागले, किसनाची घोडी, किसनाची घोडी. एका आजीनं मला विचारलं, "सुमे, काय म्हणती गं ती?" मी तोंड उघडलं, पण मला सांगता येईना. चेअरमन खुर्चीतून उठले. चेहरा पांढराफटक. म्हणाले, "किसना, जा, घिऊन ये तिला. छावणीत बांध. साहेबाचं मी बघतो." म्हणजे बघता येत होतं! आठ दिवसांपूर्वीही बघता आलं असतं!

दादा पळत सुटले, मागं मी, मागं निम्मं गाव. चेअरमनच्या गड्यानं डोक्यावर कडब्याची पेंढी घेतली होती. एक नाही, दोन.

नदीच्या कोरड्या पात्रात एक म्हातारा धनगर बसला होता. त्यानं लांबूनच हात हलवला. "घोडी बघाया आलात व्हय? ती बुधवारीच पडली की." बुधवारी! आम्ही तिला पडद्यावर बघितलं ते रविवारी. खडकाच्या आडोशाला ती होती... कशी होती ते लिहीत नाही. रिबीन होती. गड्यानं पेंढ्या तिथंच खाली ठेवल्या. दादांनी त्या उचलल्या आणि धनगराच्या मेंढ्यांपुढं टाकल्या.

पुढं नर्सिंगला सोलापूरला गेले. होस्टेलमधल्या एका मैत्रिणीनं तीच सिरियल लहानपणी बघितली होती. तिला त्या भागाबद्दल खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, त्यात फाटकाशी पांढरं शिंगरू येतं आणि पोरगी लगेच फाटक उघडते. तुटक्या कानाची घोडी? नव्हती. आवाज गेला होता का? नाही गं. दूरदर्शन एकच, भाग एकच, वेळ एकच. मग आम्ही काय बघितलं? मला माहीत नाही. दादा जाईपर्यंत त्यांनाही कळलं नाही. कमेंटमध्ये कुणी अँटेना, सिग्नल असलं काही लिहिणार असाल तर लिहा, वाचेन.

पण माझा राग त्याच्यावर नाहीच. तीन दिवस ती कुंपणाशी उभी होती, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. तेव्हा एकालाही ओळखू आली नाही. टीव्हीत आली आणि सगळ्यांनी ओळखली. चेअरमनचं मेलं जाऊ द्या... त्यानं तर आवाज ऐकून नुसतं सांगितलं होतं.

खिडकी मी लावली. ती मेलेली असूनही कशी आली, हे मला कळत नाही. जिवंत होती आणि माझ्या आवाजाला आली होती, तेव्हा मी का उठले, हे तर त्याहून कळत नाही.