सुरुंगाचा मासा

मासा कसा पाहून घ्यायचा हे मी सासरी येऊन शिकले. माझं माहेर चिमूरकडचं. तिथे मासा म्हणजे पावसाळ्यात धानाच्या बांधीत सापडलेली बोटबोट चिंगळी. सासर मात्र वर्धा नदीच्या काठावर, बल्लारपूरच्या अलीकडे. दीर जवळच्याच कोळशाच्या खाणीत कामाला. बाजाराच्या दिवशी घरात मासा शिजलाच पाहिजे. मी आणलेला पहिला रोहू सासूने हुंगला आणि माझ्याच अंगावर भिरकावला.

"सडका हाय. नाक नाई काय तुले?"

पुढच्या बाजाराला मी मासे विकणाऱ्या ढिवरांच्या रांगेत एका वयस्क बाईसमोर बसले आणि सरळ सांगितलं, मला यातलं काही कळत नाही. ती हसली नाही. तिने माझं बोट धरून माशाच्या कल्ल्यात घातलं.

"लाल पायजे, ओलं पायजे. डोळा वर आलेला पायजे, खोल गेलेला घेऊ नोको. पोटावर दाब. खड्डा तसाच राह्यला त ठेवून दे. झिंग्याचं डोस्कं काळं पडलं त तोही शिळा. अन् मरळ जित्ताच घ्यावा, पोरी."

दर बाजारी ती असं काहीतरी शिकवायची. मागे तिचा लेक टोपल्या उतरवायचा. अंगापिंडाने दांडगा, बोलायला मऊ. एका बाजारी मात्र तो गप्प बसून होता आणि त्याच्या कानात कापूस कोंबलेला होता. झालं होतं असं, की तो बुडी मारून खडकात अडकलेलं जाळं सोडवत होता, तेव्हा कोणीतरी वरच्या डोहात मासे मारायला सुरुंग उडवला. पाण्यातून तो धक्का आला आणि दोन्ही कान फुटले. "रगत वाह्यलं दोन दिवस," बाई म्हणाली. "आता काईच आयकू येत नाई त्याले."

त्यानंतरच्याच बाजारी रांगेच्या टोकाला एक नवा माणूस बसला. ढिवर नव्हता. कोळशाच्या खाणीकडून आलेला दिसत होता. पोतंभर रोहू आणि कतला, तेही इतके स्वस्त की बायांची झुंबड उडाली. मीही घुसले. एक रोहू उचलून पाहिला. कल्ले लाल, वासही नाही. पण डोक्याकडून धरला तर मधूनच लोंबला, ओल्या फडक्यासारखा. दुसरा उचलला, तोही तसाच. डोळ्यांत रक्त उतरलेलं.

मला खरंच कळलं नाही. मी तिथूनच ओरडून विचारलं, "बाई, याचा काटा मोडला काय? मधातच वाकून राह्यला!"

बाई उठून आली. माझ्या हातातला मासा घेऊन तिने पावशीच्या पात्यावर उभा चिरला. आत कण्याचे तुकडे झाले होते, कण्याला लागून काळं रक्त गोठलेलं, आतड्यांचा लगदा. तिने तो फाडलेला मासा लेकासमोर धरला. सुरुंगाचा मासा, हे सांगायची गरजच नव्हती.

त्याने कावडीचा बांबू उचलला. पहिला फटका त्या माणसाच्या तोंडावर बसला आणि दात माशांवर पडले. तो माणूस पोत्यावर आडवा झाला. दुसरा, तिसरा, चौथा. हाडावर बांबू बसल्याचा आवाज वेगळाच असतो. आधी लोक ओरडले, मार साल्याले! मग तेच लोक ओरडायला लागले, सोड, मरंल तो! बाई स्वतः ओरडत होती. लेकाला ऐकूच येत नव्हतं. शेवटी तिघांनी त्याला मागून मिठी मारली.

खाली पडलेल्या माणसाचा एक डोळा बंद झाला होता. तोंडातलं रक्त थुंकत त्याने हात वर केला आणि पानठेल्याकडे बोट दाखवलं. "सुरुंगाच्या कांड्या त्यानं देल्ल्या! खदानीतून त्यानं आणल्या! मले एकट्यालेच काऊन मारता?"

पानठेल्यापाशी माझा दीर उभा होता.

तो पळाला, पण गर्दीने त्याला दहा पावलांत धरलं. ढिवरांच्या पोरांनी त्याला फरफटत आणून चिखलात पालथं पाडलं. एकाने पाठीवर गुडघा रोवला, दुसऱ्याने त्याचा उजवा हात मागे ओढून पिरगाळला. कडकन वाजलं. दीर जनावरासारखा हंबरला. मी मधे पडले. "माझा दीर हाय, सोडा!" कोणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं. बाईने पुढे होऊन माझ्या दंडाला धरलं, मला बाजूला ओढलं आणि पोरांना म्हणाली, "बस झालं."

मी मधे पडले खरी. पण तो हात मोडला त्या क्षणी मला आतून बरं वाटलं होतं. बाईच्या लेकाच्या कानातला तो कापूस मी पाहिला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.

दिराला घेऊन घरी आलो तर सासूने चुलीतलं जळतं लाकूड काढलं. "तुले मासे आनाले धाडलं, का घर बुडवाले?" दोन फटके दंडावर, एक पाठीवर. नवऱ्याने लाकूड हिसकावून घेतलं, पण माझ्याशी तोही आठ दिवस बोलला नाही. चोरीच्या कांड्यांचं प्रकरण म्हणून कोणीच ठाण्यात गेलं नाही. त्या माणसाला बैलगाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. जगला, पण एक डोळा गेला असं कानावर आलं. दिराने खाणीत सांगितलं, झाडावरून पडलो. वैदूने बांबूच्या पट्ट्या बांधल्या तरी हात वाकडाच जुळला.

महिनाभर आमच्या घरात मासा आला नाही. मग एका बाजारी सासूने टोपली माझ्यापुढे आदळली. "जाय."

मी गेले. बाई जागेवर होती, लेकही होता. मी समोर बसताच त्याने मान खाली घातली. बाईने माझ्या दंडावरचे भाजल्याचे डाग पाहिले.

"सासूनं?"

मी हो म्हटलं. तिने घागर पुढे सरकवली. आत तीन मरळ वळवळत होते. मी सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवलं. लेकाने तो काढला, डोक्यात दांडूचा एकच घाव घातला आणि माझ्या टोपलीत ठेवला.