नखाएवढ्या सैन्याचे रंग

दोन हजार बावीस सालची गोष्ट. तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, तीही धड नाही. पण परळच्या एका मिलच्या रंगखात्यात चौदा वर्षं काढली, आणि शेड चुकली म्हणून माझा एकही तागा कधी परत आला नाही. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलंय की सून भाजी चिरता चिरता माझं वाक्य माझ्याआधी पुरं करते.

नात शिक्षण संपवून काम शोधत होती. गेम बनवणाऱ्या एका कंपनीने तिला चाचणीसाठी काम दिलं. लढाईचा गेम, डोकं चालवून सैन्यं हलवायची. शिपाई, घोडेस्वार, भालेवाला अशी आठ चित्रं त्यांनी पाठवली होती, सगळी लाल अंगरख्यातली. त्यांचीच निळी, जांभळी आणि हिरवी सैन्यं करून द्यायची. पसंत पडलं तर नोकरी.

आमच्या करी रोडच्या घरात टेबल एकच, जेवायचं. त्यावर तिचा लॅपटॉप आणि शेजारच्या खुर्चीत मी. पहिल्याच दिवशी तिने पडद्यावर काहीतरी सरकवलं आणि अख्खा शिपाई हिरवा झाला, तोंडासकट.

"याची कावीळ फारच पुढे गेली गो," मी म्हटलं.

ती हसली. म्हणाली, हे नुसतं करून बघितलं, खरं काम वेगळं. एकट्या अंगरख्यात लालच्या पाच छटा होत्या, काखेतल्या काळपट लालपासून खांद्यावरच्या फिक्या लालपर्यंत. एकेक छटा वेचून तिच्या जागी दुसऱ्या रंगाची बसवायची. हे ऐकलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. छटेतलं मला कोणी शिकवू नये.

तिने घेतलेला निळा मला जत्रेतल्या फुग्यासारखा वाटला. तो मी उतरवून गडद करायला लावला. जांभळा पिकल्या जांभळासारखा करून घेतला, हिरवा झाडाच्या पानासारखा. चित्र वीतभर मोठं करून ज्या बारक्या चौकोनांचं ते बनलेलं असतं ते आम्ही एकेक करून रंगवत होतो. ती दोनदा म्हणाली, की आबा, गेममध्ये हे नखाएवढे दिसणार. मी म्हटलं, रंग तो रंग, नखाएवढा असो नाहीतर वारभर. तिसऱ्यांदा ती बोलली नाही. तीन दिवसांनी काम पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. निळं आणि जांभळं सैन्य वेगळं ओळखू येत नाही, हिरवं मैदानात हरवतं. उद्या संध्याकाळपर्यंत सुधारून द्या, नाहीतर दुसऱ्या कोणाला बघतो.

मी म्हटलं, त्या माणसाचे डोळे तपासायला हवेत.

लढाईचं मैदान उघडून तिने तिन्ही सैन्यं खऱ्या मापात उभी केली. "आबा, निळा घोडेस्वार दाखवा."

मी बोट ठेवलं.

"तो जांभळा आहे."

हिरवे मी शोधतच राहिलो. गवत दिसत होतं, अधूनमधून एखादं तोंड. पानासारखा हिरवा मीच मागितला होता.

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. "मीच ऐकायला नको होतं."

चूक माझ्यावर टाकली असती तर मी भांडलो असतो. याच्यावर काय भांडणार? विचार करत राहिलो. मिलमध्ये नमुना आणि कापड जवळजवळ धरायचं, डोळ्यांपासून हातभर अंतरावर, आणि दोघांत फरक दिसेनासा झाला की काम झालं. चौदा वर्षं मी फरक मिटवायला शिकलो होतो. तिला फरक दाखवायचा होता, तोही लांबून, पटकन, आपला कोण आणि परका कोण हे कळेल असा. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि वयाचा मान म्हणून तिने माझं ऐकलं.

माफी मागायची मला सवय नाही. त्या दिवशीही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी बसली तेव्हा मी शेजारची खुर्ची घेतली नाही. दाराशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, रंग तुझ्या मनाने घाल, चित्र गेमएवढंच ठेव, आणि कुठलं सैन्य कुठे ते मला विचार. पहिल्या फेरीत मी सात वेळा चुकलो. 'चूक' म्हणायला ती कचरत होती, म्हणून तिला मोठ्याने म्हणायला लावलं, आणि जिथे जिथे मी चुकलो तिथला रंग बदलायला सांगितला. माझ्या चुका संपल्या तेव्हा संध्याकाळ व्हायची होती; तिने काम पाठवलं, आणि या वेळी ते परत आलं नाही.