टोकन

ओल्या दगडाचा वास आला की चिखल्याच्या खाण कॉलनीतली ती दुपार आठवते. माझ्या सोबत्याला मोबाईलवरून संमोहन शिकायचा नाद होता. देहाबाहेर काढतो म्हणत त्यानं मला चटईवर निजवलं. "पिंजरा खाली जाऊन राहिला, अजून खाली," लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाणीत रोज उतरायचो तसंच तो मला उतरवत गेला. अचानक मी छताशी होतो. खाली माझंच अंग, तोंड उघडं. परतता येईना. "ऊठ ना बे!" तो मला गदागदा हलवत होता. खाणीतून वर आलेला माणूस बोर्डावरचं आपलं टोकन उचलतो. टोकन लटकलेलं म्हणजे माणूस खालीच. शेवटी तो रडत ओरडला, "तुह्यं टोकन बोर्डावरच हाये, उचल ना!" मी दचकून अंगात आलो. परवा त्याच्या तिरडीशी वाकून मीही तेच म्हणालो.